मान वाकडी केली की दिसणारी रेघ

११ फेब्रुवारी

घाईताई,

हे पत्र चहा पिता पिता वाचू नकोस, चहा गार होईल. फोन करणार होतो, पण आमच्या डोंगराआड फोन म्हणजे 'हॅलो, ऐकू येतंय का' एवढं विचारायचं यंत्र. तेव्हा तुमच्या प्रयोगशाळेची गाडी रिकामा खोका घेऊन परत निघाली आहे, त्यातच हे घालतोय.

आपल्या बालवाडीच्या बाई गेल्या. तुला त्या आठवणार नाहीत, तू इथून शिकायला गेलीस त्यानंतर आल्या. उंच, खणखणीत आवाजाच्या. खडी फोडायच्या यंत्रांचा आवाज वर आणि यांचं गाणं त्याच्याही वर. गेले काही महिने बारीक ताप, भूक मेली, अंगावरचे कपडे लोंबायला लागले. खोकला नाहीच, त्यामुळे तपासायला थुंकी येणार कुठून? म्हणून तर मी दवाखान्यासाठी तुझ्या पट्ट्या मागवल्या होत्या. लघवीचे चार थेंब टाकायचे, वीस मिनिटं थांबायचं, क्षयाचा जंतू अंगात असेल तर रेघ उमटते. बाईंची पट्टी मी दोनदा केली. दोन्ही वेळा कोरी. खिडकीशी धरून पाहिली, चष्मा पुसून पाहिली. कोरी म्हणजे कोरी. मी त्यांना सांगितलं, 'बाई, क्षय नाही, दुसरं काहीतरी शोधू.' आणि आम्ही दुसरं काहीतरी शोधत बसलो. शहरातल्या इस्पितळात पोटातलं पाणी काढलं तेव्हा कळलं, क्षयच होता. तोवर फार उशीर झाला होता.

मी तुला दोष देत नाही. पट्टी खोटं बोलली नाही, तिला ऐकूच कमी येत होतं. बाईंच्या अंगात जंतू होता, पण लघवीत तो एवढा थोडा उतरत होता की तुझ्या कागदाला त्याची चाहूल लागली नाही. माझा प्रश्न सरळ आहे: या कागदाचे कान तिखट करता येतील का? आणि येणार असतील तर किती लवकर? तुला आयुष्यभर 'सावकाश' म्हणत आलो, आता पहिल्यांदाच म्हणतोय, घाई कर.

मामी बरी आहे. पाठ धरली आहे म्हणते. वयाला साजेसं काहीतरी व्हायलाच हवं.

मामा

———

२० फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र जिन्यातच वाचलं आणि तशीच परत वर गेले. घरी जाववेना. बालवाडीच्या बाई मी पाहिल्या नाहीत, पण गेला आठवडाभर त्या माझ्या टेबलापाशीच आहेत. त्यांची पट्टी ज्या गठ्ठ्यातली, त्यातल्या उरलेल्या मी काढून पाहिल्या. पट्टीत दोष नाही. म्हणजे दोष असता तर बरं झालं असतं, दुरुस्त करून मोकळी झाले असते. ती तिच्या कुवतीइतकं काम करत होती. कुवतच तोकडी.

तुला नीट सांगते, कारण तू पुढच्या वेळी पट्टी हातात धरशील तेव्हा आत काय चाललंय ते माहीत असलेलं बरं. कागद तहानलेला असतो, थेंब टाकला की तो ओढत नेतो. वाटेत सोन्याचे अतिबारीक कण वाळवून ठेवलेले असतात, ते जंतूच्या अंगावरून सुटलेल्या तुकड्याला चिकटतात. पुढे रेघेच्या जागी त्याच तुकड्याला धरणारे हात बसवलेले असतात. तुकडा अडकला की त्याच्या पाठीवरचं सोनंही अडकतं, आणि पुष्कळ सोनं एका जागी जमलं की आपल्याला लाल रेघ दिसते. थोडं जमलं तर रेघ असूनही दिसत नाही. बाईंचं तेच झालं असणार. रेघ होती मामा. आपल्या डोळ्यांना दिसण्याइतकी नव्हती.

तर आधीपासून अर्धवट पडलेलं काम घेऊन मी तीन बाजूंनी लागले आहे. एक, कागद फार धावतो. तुकडा हातासमोरून जातो तोवर हाताने धरायला वेळ हवा. मी मध्ये मेणाचा बारीक बांध घालून पाणी रेंगाळायला लावलंय. दुसरं, चार थेंबांऐवजी जास्त लघवी गाळून घट्ट करायची. तिसरं माझं लाडकं: रेघ उमटल्यावर वरून चांदीचं पाणी सोडायचं. जिथे सोन्याचा कण बसलाय तिथेच चांदी जमते, कण फुगतो, काळा होतो. न दिसणारी रेघ दिसायला लागते. परवा मी आमच्या जुन्या पट्टीला जे सापडत नव्हतं ते या नव्या पट्टीवर पाहिलं. इतकी जोरात ओरडले की शेजारच्या खोलीतला यंत्रवाला धावत आला, त्याला वाटलं हात कापला.

आमच्या मोठ्या बाई, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, त्याही खूश आहेत. त्यांचं खूश होणं म्हणजे एक भुवई वर जाते. त्यांनी पहिला खोका तुझ्याकडे पाठवायला हो म्हटलं. खोक्यावर लिहिलंय ते वाच: 'फक्त अभ्यासासाठी. यावरून औषध ठरवू नये.' तू जुन्या आणि नव्या दोन्ही पट्ट्या करून कळवायचंस.

मामीला म्हणावं, पाठ शेक आणि बादल्या उचलू नकोस.

घाईताई

———

१८ मार्च

घाईताई,

शाबास. दुसरा शब्द नाही.

तुझा खोका आल्यापासून दवाखान्याच्या खिडकीत पट्ट्यांची रांग लागलेली असते. सिस्टर म्हणतात, साहेब, तुम्ही पट्ट्यांकडे बघता तेवढं रोग्याकडे बघत नाही. जुन्या पट्टीवर कोऱ्या असलेल्यांपैकी काहींच्या नव्या पट्टीवर रेघ उमटली. त्यातल्या दोघांचं निदान नंतर थुंकीतूनही पक्कं झालं. बालवाडीच्या बाई थोड्या थांबल्या असत्या तर, असं मनात येतं. मग ते बाजूला सारतो आणि पुढची पट्टी उघडतो.

डंपरचा एक ड्रायव्हर आहे. वजन उतरलेलं, खोकला, ताप. थुंकीत काही नाही, तुझ्या पट्टीवर मात्र फिकी रेघ. त्याला मी औषधं सुरू केली. हो, खोक्यावर काय लिहिलंय ते मी वाचलं होतं. पण एकदा वाट बघून काय झालं तेही मी पाहिलं होतं.

आता एक विचारायचं आहे. फिकी म्हणजे किती फिकी चालते? एक बाई आहेत. पन्नाशी उलटलेली. पाठ दुखते, संध्याकाळी अंग कोमट लागतं, जेवणावरची वासना उडाली आहे. थुंकी स्वच्छ, छातीचा फोटो स्वच्छ, शहरातल्या इस्पितळाचा अहवाल म्हणतो काही नाही. जुनी पट्टी कोरी. नव्या पट्टीवर रेघ आहे असं मला वाटतं. समोरून पाहिली तर नसते. मान वाकडी केली की दिसते. सिस्टर म्हणतात आहे, कंपाउंडर म्हणतो नाही. मी दिवसातून तीनदा मत बदलतो. अशा रेघेचं काय करायचं? तुमच्याकडे याला काही नियम असेल ना?

मामा

———

२४ मार्च

मामा, मामा, मामा,

ती बाई! अरे, तीच तर हवी होती!

तुला कळतंय का तू काय लिहिलंयस? थुंकी नाही म्हणते, फोटो नाही म्हणतो, एवढं मोठं इस्पितळ नाही म्हणतं आणि माझा बोटाएवढा कागद म्हणतो 'आहे'. ज्यांना थुंकीतून पकडता येतंय त्यांना पकडण्यात काय मोठेपणा? तुझी ही पाठदुखीवाली बाई माझी सगळ्यात लाडकी रुग्ण आहे. मोठ्या बाईंना वाचून दाखवलं, त्यांच्या दोन्ही भुवया वर गेल्या. एप्रिलच्या अखेरीस मोठी परिषद आहे, तिथे नवी पट्टी जाहीर करायची ठरली आहे, आणि त्या म्हणाल्या की ही एक केस असली की बाकी काही बोलायलाच नको.

नियम विचारलास. नियम असा की दिसली तर रेघ. फिकी, पुसट, मान वाकडी करून, कशीही. अर्धी रेघ असं काही नसतं, जसं थोडंसं गरोदर असं काही नसतं. ड्रायव्हरला औषध दिलंस ते चांगलं केलंस, हातावर हात ठेवून बसला नाहीस.

आता ऐक. त्या बाईंच्या पट्टीचा फोटो पाठव, समोरून आणि तिरपा. आणखी दोन दिवसांची सकाळची लघवी घे. आणि त्यांना पाठीचा नीट फोटो काढून घ्यायला लाव, मणक्यात असेल. क्षय मणक्यात बसतो ना? तूच मला सांगितलं होतंस. पाठीमागे लाग, ओरड, पण करून घे. मामा, ती खरी निघायलाच हवी. मला झोप येत नाही इतकं ते मला हवं आहे.

लवकर लिही. किती हळू जाते ही गाडी.

घाईताई

ता. क. मामीने माझ्या मागच्या दोन चिठ्ठ्यांना उत्तर दिलं नाही. रागावली आहे का?

———

१६ एप्रिल

घाईताई,

उशीर झाला. मुद्दाम केला.

ड्रायव्हरला कावीळ झाली. औषधांनी. डोळे हळदीसारखे पिवळे, उलट्या, शुद्ध हरपत चालली होती. औषधं बंद करून त्याला मोठ्या इस्पितळात हलवलं. जिवावरचं संकट टळलं, पण माणूस अर्धा झाला आहे. आणि तिथे त्यांनी नळी घालून फुफ्फुसातला स्राव काढून तपासला. क्षय नाही. कधीच नव्हता. छातीत दगडाची धूळ साचली आहे. म्हणजे जे औषध त्याला नको होतं त्यानेच मी त्याला मरणाच्या दारात नेऊन उभं केलं. त्याची बायको दवाखान्याच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. ती म्हणाली, 'डॉक्टर, तुम्ही म्हणालात रेघ आली. मी पण पाहिली होती रेघ. मग ती कसली होती?'

तुला दोष देत नाही, हे मी मागेही लिहिलं होतं. आत्ताही तेच. खोक्यावरची ओळ मी वाचली होती.

दुसरी गोष्ट. पाठदुखीवाल्या त्या बाई म्हणजे तुझी मामी.

तिनेच सांगू दिलं नाही. 'पोरीला कळलं तर तिचा हात थरथरेल, मग ती पट्ट्या कसल्या करणार,' म्हणाली. मला पटलं. तुझ्या डोळ्यांना ती परकी बाई असली तर तू सरळ उत्तर देशील असा माझा हिशेब. तू सरळच दिलंस. तुझं पत्र मी मोठ्याने वाचत होतो, ती भाजी निवडत होती. 'सगळ्यात लाडकी रुग्ण' आल्यावर मी थांबलो. ती हसली. म्हणाली, 'लाडकी तर आहेच मी.' पण मग निवडलेलीच भाजी पुन्हा निवडायला लागली.

आता तिने ड्रायव्हरला पाहिलं आहे. तो घरी परतल्यावर त्याच्या खाटेशी जाऊन बसून आली. परत आल्यावर मी औषधाचं पाकीट पुढे केलं तर तिने ते कपाटात टाकून कडी लावली. 'त्याची रेघ आणि माझी रेघ एकाच खोक्यातली,' म्हणते. काय चुकीचं बोलते? मणक्याचा साधा फोटो काढला, त्यात ठामपणे काही दिसत नाही. मोठा फोटो काढायला शहरात यायला ती तयार नाही. परवापासून डाव्या पायाला मुंग्या येतात. मणक्यात क्षय असला आणि आम्ही असेच बसून राहिलो तर तिचे पाय जातील. नसला आणि मी औषध दिलं तर ड्रायव्हरचं झालं ते होईल.

मला हुशार उत्तर नको आहे. एवढंच सांग: ती रेघ खरी आहे की नाही?

मामा

———

१९ एप्रिल

मामा,

मला माहीत नाही.

चार वेळा हे पत्र सुरू केलं, चारही वेळा हेच वाक्य पहिलं आलं, म्हणून ठेवलं.

माझं ते पत्र तू परत पाठव, मला फाडायचं आहे. 'खरी निघायलाच हवी' असं लिहिलं मी. मामीच्या मणक्यात क्षय असावा म्हणून मी झोप घालवून बसले होते. आणि आता? आता मला वाटतं, पट्टी खोटी निघू दे, नाक कापलं जाऊ दे, पण तिला काही नसू दे. अर्ध्या तासाने पुन्हा वाटतं, पट्टी खोटी निघाली तर बालवाडीच्या बाईंसारख्या कितीजणी पुन्हा कोऱ्या पट्ट्या घेऊन घरी जातील. माझं डोकं नुसतं या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटतंय.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी आमच्या सगळ्यांच्या लघव्या गोळा केल्या. माझी, यंत्रवाल्याची, पहारेकऱ्याची, मोठ्या बाईंचीसुद्धा. पट्ट्या केल्या. सगळ्या कोऱ्या. आमची खोली कोरडी ठणठणीत असते, हवेतली ओल काढून टाकायला यंत्र लावलेलं आहे. मग माझ्या मनात आलं, तुझ्या खिडकीत कुठे आहे असलं यंत्र? मी ते बंद केलं, किटली लावली, खोलीत वाफ केली, पाकिटं उघडी ठेवली आणि पुन्हा केल्या. मामा, पहारेकऱ्याच्या पट्टीवर रेघ आली. फिकी. मान वाकडी केली की दिसणारी. यंत्रवाल्याच्या दोनपैकी एकीवर आली. कागद ओल धरतो तेव्हा सोन्याचे काही कण उगाचच रेघेच्या जागी घुटमळतात. पूर्वी ते दिसत नव्हते. मी चांदी ओतून त्यांना मोठं केलं. पट्टीचे कान तिखट करताना मी तिला नसलेले आवाजही ऐकायला शिकवलं.

म्हणजे काही रेघा खऱ्या आहेत, काही भुतं आहेत, आणि दोन्ही सारख्याच दिसतात.

मोठ्या बाईंना लगेच सांगितलं. परिषद दहा दिवसांवर. त्या म्हणाल्या, 'पाकिटावर लिहू, कोरड्या जागी वापरा.' मी म्हटलं, ज्यांच्याकडे कोरडी जागा आहे त्यांच्याकडे मोठी यंत्रंही आहेत, त्यांना पट्टी कशाला लागते? आमचं भांडण झालं. अजून चालू आहे. ते राहू दे.

भूत ओळखायची एक युक्ती आहे. नवी नाही, आधीच करायला हवी होती. लघवीत पट्टीवर टाकण्याआधीच जंतूच्या तुकड्याला धरणारे पुष्कळ मोकळे हात मिसळायचे. तुकडे खरोखर असतील तर ते तिथेच धरले जातील, रेघेपर्यंत रिकामे कोणी पोचणार नाहीत, आणि रेघ नाहीशी होईल. पण रेघ नुसती ओलीमुळे आलेली असेल, तर तिला या हातांशी काही देणंघेणं नाही. ती तशीच राहील. म्हणजे प्रत्येकाच्या दोन पट्ट्या: एक साधी, एक हात मिसळून. दुसरीवर रेघ गेली तर रोग खरा. राहिली तर खोटा.

सोबत बाटली आणि पट्ट्या आहेत. प्रत्येक पाकीट आयत्या वेळी उघड. ड्रायव्हरची लघवी घे, मामीची घे, आणखी काहीजणांची घे, सिस्टरांच्या मुलाचीही घे. नळ्यांवर नाव घालू नकोस, खुणा घाल, आणि खुणा कोणाच्या ते फक्त कंपाउंडरला माहीत असू दे. पट्ट्या सिस्टरांना वाचू दे. तू वाचू नकोस. तुझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही, माझ्या स्वतःच्याही डोळ्यांवर राहिलेला नाही.

मी यायला निघाले होते. पण मिसळायचे हात इथे मीच तयार करते, आणि आले असते तर बाटली यायची राहिली असती.

मामीला काय लिहू कळत नाही. तिला म्हणावं, हात थरथरतोय, पण काम करतोय.

घाईताई

———

२६ एप्रिल

घाईताई,

निकाल आधी सांगतो, नाहीतर तू शेवटचं पान आधी उलटशील. मामीची रेघ खरी आहे.

आता कसं झालं ते. खोका आला, मी तू सांगितलंस तसं सगळं केलं. दवाखाना बंद ठेवला. मामी म्हणाली, 'माझ्या लघवीची पंचाईत होणार आणि मी घरी थांबू? मी येणार.' आली, आणि पट्ट्यांसमोर खुर्ची ओढून बसली. मला सिस्टरांनी बाहेरच्या बाकावर घालवलं. दार उघडं होतं, त्यामुळे मी सगळं ऐकत होतो आणि काही बघू शकत नव्हतो. असली शिक्षा मी रोग्यांच्या नातेवाइकांना किती वर्षं देत आलोय, ते पहिल्यांदा कळलं.

सिस्टर वाचत गेल्या. चौकोनाची खूण: साधीवर रेघ, मिसळलेलीवरही रेघ. फुलीची खूण: दोन्ही कोऱ्या. गोलाची खूण: साधीवर रेघ. मग त्या थांबल्या. दिव्याखाली नेली, परत आणली. 'मिसळलेलीवर नाही,' म्हणाल्या. 'अजिबात नाही.'

कंपाउंडरने खुणा सांगितल्या. चौकोन ड्रायव्हर. फुली सिस्टरांचा मुलगा. गोलाचं नाव येण्याआधी मामीच म्हणाली, 'मी ना?'

मी आत गेलो. ती दोन्ही पट्ट्या हातात धरून बसली होती.

'म्हणजे जी राहिली ती खोटी आणि जी गेली ती खरी?' तिने विचारलं.

'हो.'

'तुमच्या घराण्यात सगळं उलटंच,' म्हणाली. मग पट्ट्या खाली ठेवल्या आणि माझ्या बाहीला डोळे पुसले. स्वतःचा पदर होता, पण माझी बाही घेतली.

दुसऱ्याच दिवशी शहरात नेलं. तुला कळवायला थांबलो नाही. मणक्याचा मोठा फोटो काढला, सुई घालून नमुना घेतला. दोन मणक्यांच्या मध्ये कुरतडलेलं आहे आणि पू धरला आहे. तिथले डॉक्टर मला विचारत होते, तुम्हाला इतक्या लवकर शंका कशी आली, अशी माणसं आमच्याकडे उचलून आणतात तेव्हा कळतं. मी म्हटलं, भाचीने सांगितलं. औषधं सुरू झाली आहेत. दर पंधरवड्याला रक्त तपासून काळजावर काही ताण येतोय का बघणार. काळीज म्हणजे यकृत. एवढा डॉक्टर असून बायकोच्या बाबतीत मीही काळीजच म्हणतो.

ड्रायव्हरच्या घरी गेलो. त्याला दोन्ही पट्ट्या दाखवल्या आणि रेघ कसली होती ते सांगितलं. त्याच्या बायकोच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं राहिलं होतं. त्याने ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मी थोडा वेळ बसलो आणि आलो.

मामा

———

१५ मे

मामा,

परिषद झाली. नवी पट्टी जाहीर झाली नाही.

आदल्या दिवशीपर्यंत होणार होती. मोठ्या बाई म्हणाल्या, 'तुझ्या मामीचा निकाल आलाय, यापेक्षा चांगली केस कुणाला मिळते? ती दाखव.' मी म्हटलं, दाखवते. पण तिच्या पुढच्याच चित्रात ड्रायव्हर दाखवीन. एक दाखवून दुसरा झाकणं मला जमणार नाही. त्या म्हणाल्या, 'मग लोक दुसराच लक्षात ठेवतील.' मी म्हटलं, ठेवू देत. बाहेर आले आणि जिन्यात बसून रडले. नोकरी गेली असंच धरून चालले होते.

सकाळी त्या व्यासपीठावर गेल्या आणि आम्हाला कुणाला न सांगता त्यांनी दोन्ही चित्रं दाखवली. शेजारी शेजारी. म्हणाल्या, 'आमची पट्टी पूर्वीपेक्षा पुष्कळ जास्त रोगी शोधते, आणि ओल्या हवेत पुष्कळ निरोग्यांनाही रोगी ठरवते. पहिलं अर्धं वाक्य सांगायला आम्ही आलो होतो.' टाळ्या फारशा झाल्या नाहीत. ज्यांनी पट्टीच्या उत्पादनासाठी पुढे यायचं होतं ते मागे सरले. त्यानंतर आठवडाभर त्या माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी टेबलापाशी येऊन म्हणाल्या, 'दोन पट्ट्या एकाच डबीत बसवता येतील का? एक साधी, एक मिसळलेली. डॉक्टरला काही मिसळावं लागता कामा नये.'

तर ते चाललंय. मोकळे हात दुसऱ्या कागदातच वाळवून ठेवायचे. चांदी बंद कुपीत. कण ओलीत घुटमळू नयेत म्हणून साखरेचं प्रमाण बदलून पाहतेय. रोज काहीतरी बिघडतं. काल दोन्ही पट्ट्यांचं पाणी एकमेकींत झिरपलं. पूर्वीची पट्टी दिसायला सुंदर होती, ही डबी म्हणजे ठोकळा आहे. पण ठोकळा चालेल.

मामा, मामीचं काय? तू काहीच लिहीत नाहीस. पायाच्या मुंग्या? रक्त? ती बरी झाली का ते पट्टी सांगू शकत नाही, हे मला माहीत आहे. लघवीतले तुकडे कमी झाले म्हणून मणका भरला असं होत नाही. म्हणून विचारतेय. एक ओळ लिही.

घाईताई

———

८ जून

मामा,

गाडी आली, खोका आला, पत्र नाही. नुसत्या नमुन्यांच्या नळ्या आणि सिस्टरांची चिठ्ठी, 'सर्व ठीक'. सर्व ठीक असतं तेव्हा तू तीन पानं लिहितोस. काय लपवताय तुम्ही दोघं? पुढच्या गाडीने उत्तर आलं नाही तर त्यापुढच्या गाडीत मी बसलेली असेन.

घाईताई

———

२ ऑगस्ट

पोरी,

मामी लिहिते आहे. तू येऊन गेलीस, चार दिवस माझ्या उशाशी बसलीस आणि 'लिहीत जा' असं बजावून गेलीस, म्हणून पेन धरलं. तू आलीस तेव्हा मी आडवी होते आणि तुझा मामा घरात भुतासारखा फिरत होता. जून महिन्यात मला औषधं पचेनात. रक्तात काविळीची सुरुवात दिसली आणि त्याने सगळी औषधं थांबवली. मग एकेक करून पुन्हा लावली. त्या दिवसांत त्याच्याने तुला लिहिणं झालं नाही. तो रोज माझे डोळे उजेडात नेऊन बघायचा. मी म्हणायची, अहो, लग्नाआधीसुद्धा इतकं टक लावून बघितलं नव्हतंत.

आता पचतंय. लघवी केशरी होते त्या गोळ्यांनी, पहिल्यांदा दचकले होते. मुंग्या गेल्या. भूक अशी लागते की लाज वाटते. पाठीला पट्टा आहे, आत घाम येतो, खाजतं, पण पट्टा सोडला की मामा लहान मुलासारखं तोंड करतो.

तुला मुख्य सांगायचं ते ड्रायव्हरचं. त्याला आता डंपर तोलायच्या वजनकाट्यावर बसवलंय, धुळीपासून लांब. दवाखान्यावरून रोज जायचा, पण मान वळवायचा नाही. मामाला ते लागायचं. परवा तो बायकोला घेऊन दवाखान्यात शिरला. तिला खोकला होता, पुष्कळ दिवसांचा. मामा म्हणाला, शहरात पाठवतो, तिथे तपासतील. तर ड्रायव्हर म्हणाला, 'पाठवा. पण आधी ती नवी डबी करा. माझ्यासमोर करा.'

तुझी डबी मामाने त्याच्याच हातात दिली. त्यानेच पाकीट फाडलं, त्यानेच थेंब टाकले. वीस मिनिटं झाली तरी सोडेना. मामा शेजारी उभा, हात मागे बांधून.

'डॉक्टर, आता काय दिसायला पाहिजे?'

'साधीवर रेघ नसली तर उत्तम.'

'नाही.'

'आणि दुसरीवर?'

'तिच्यावरही नाही.' त्याने मान या बाजूला वाकडी केली, त्या बाजूला वाकडी केली, डबी बायकोला दाखवली, सिस्टरांना दाखवली. 'कोरी?'

'कोरी,' मामा म्हणाला. 'तरी थुंकी तपासायला पाठवणार. कोरी पट्टी म्हणजे शेवटचा शब्द नाही.'

'हे आधी सांगायला पाहिजे होतं,' ड्रायव्हर म्हणाला. रागाने नव्हे, पण हसूनही नव्हे. मामा म्हणाला, 'हो. पाहिजे होतं.' मग त्याने विचारलं, ही डबी करणारी कोण? मामा मला दिवसा तिथेच आतल्या खाटेवर आडवं ठेवतो; मी तिथून ओरडले, आमची पोर. तो म्हणाला, 'तिला सांगा, दोन पट्ट्यांमधली जागा वाढवा. म्हाताऱ्या माणसाला कुठली कुठे ते कळायचं नाही.' आणि बायकोला घेऊन गेला. तिची थुंकीही स्वच्छ आली, काल कळलं. धुळीचाच खोकला असावा म्हणतो मामा, औषध चालू केलंय.

तर जागा वाढव.

आज मी वजनकाट्यापर्यंत चालत गेले. मार्चनंतर पहिल्यांदा. मामाने नको म्हटलं, मी ऐकलं नाही, तेव्हा तो दवाखान्यातली खुर्ची डोक्यावर घेऊन माझ्या मागे निघाला, न जाणो वाटेत बसावं लागलं तर. रस्ताभर डंपरवाले थांबून बघत होते, बायका दारात येऊन हसत होत्या. एवढा मोठा डॉक्टर, डोक्यावर खुर्ची. मी दोनदा मागे वळून म्हटलं, अहो, परत जा. तो म्हणाला, तू चाल. काट्यापाशी पोचले, ड्रायव्हरने पाणी दिलं, मामाने खुर्ची खाली ठेवून पुसली.

मी उभ्यानेच पाणी प्यायले. खुर्चीवर त्यालाच बसवलं. धापा तो टाकत होता.

तुझी,
मामी